३३०६ मधून नेमकं काय वजा करायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बायबलवरच्या माहितीपटाच्या यरीहोच्या भागावरची चारही पत्रं कालच्या अंकात वाचली. यरीहो म्हणजे बायबलमधलं ते शहर, ज्याची भिंत कर्णे वाजताच पडली आणि जे इस्राएलांचा नेता यहोशवा याने जाळलं; ते नेमकं कधी जळालं हा वाद आहे आणि ३३०६ हा माहितीपटाने दिलेला कार्बन चाचणीचा आकडा. चौघांसमोर आकडा एकच, ३३०६, आणि उत्तरं चार! पहिल्या पत्राप्रमाणे यरीहो इ.स.पू. १३५६ मध्ये जळालं, म्हणजे यहोशवाच्या काळाशी 'जवळजवळ' जुळलं, म्हणून विज्ञानाचे जाहीर आभार. दुसऱ्या पत्राप्रमाणे ते इ.स.पू. १२८० च्या सुमारास, थेट इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या कारकिर्दीत जळालं, म्हणून त्याहून मोठा आनंद. तिसऱ्यांना आकड्यापुढचं ± हे चिन्ह दिसलं आणि 'शास्त्रज्ञांनाच खात्री नाही' असा शोध लागला. चौथ्यांनी तर बायबलमधलं एकही बांधकाम कार्बन चाचणीत टिकलेलं नाही असं सांगून दुकानच बंद केलं. चौघांच्याही श्रद्धेबद्दल किंवा अश्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. वजाबाकीबद्दल आहे.

३३०६ ही पंचांगातली वर्षं नव्हेत. ती रेडिओकार्बन वर्षं आहेत, म्हणजे जीव मेल्यावर त्याच्यातला कार्बन-१४ किती घटला यावरून काढलेली, आणि ती 'आजपासून मागे' मोजतात. यातला 'आज' मात्र १९५० या साली खिळा ठोकून कायमचा अडकवलेला आहे. दुसऱ्या पत्रलेखकांनी चालू साल वजा केलं, त्यामुळे त्यांच्या हिशेबात यरीहो दरवर्षी एकेक वर्षाने अलीकडे सरकत राहणार. आणखी काही दशकांनी त्यांना रामसेस सोडून त्याचा मुलगा धरावा लागेल. पहिल्यांनी १९५० वजा केले, म्हणजे निम्मी वाट बरोबर चालले आणि तिथेच बसले. उरलेली निम्मी वाट जास्त महत्त्वाची आहे. हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण सगळ्या शतकांत सारखं नव्हतं. शिवाय संकेत म्हणून हा हिशेब आजही ५५६८ वर्षांच्या जुन्या अर्धायुष्यावर (कार्बन-१४ निम्मा होण्याच्या काळावर) करतात, खरं अर्धायुष्य ५७३० वर्षांच्या जवळ असूनही. म्हणून झाडांची वर्षागणिक वलयं मोजून, त्या-त्या वलयातला कार्बन-१४ तपासून एक आलेख तयार केलेला आहे आणि प्रत्येक आकडा त्यावर बसवूनच खरं साल काढतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. ३३०६ त्या आलेखावर ठेवला की उत्तर येतं इ.स.पू. सोळावं शतक. १३५६ नव्हे आणि १२८० तर नव्हेच. फरक दोन-अडीचशे वर्षांचा आहे आणि सगळा वादच मुळी दीडशे वर्षांचा आहे: शहर इ.स.पू. १५५० च्या सुमारास जळालं की १४०० च्या.

आता हा आकडा आला कुठून ते कुणीच विचारलं नाही, म्हणून सांगतो. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५२ ते १९५८ या काळात यरीहोचं टेकाड खणलं. त्यातल्या जळक्या थरात सापडलेला कोळसा आणि जळके धान्याचे दाणे ब्रुइन्स आणि व्हान डर प्लिख्त या दोन शास्त्रज्ञांनी मोजले आणि १९९५ मध्ये निकाल छापले. एकूण १८ नमुने होते, १२ कोळशाचे आणि ६ दाण्यांचे. कोळशाची सरासरी आली ३३७० ± ६ आणि दाण्यांची ३३०६ ± ७. एकाच थरातून, एकाच आगीतून आलेल्या दोन वस्तूंत ६४ वर्षांचा फरक का?

कारण लाकडाचं वय म्हणजे आग लागली ते वर्ष नव्हे. झाडाच्या आतलं वलय ज्या वर्षी वाढलं त्या वर्षापासून त्याचं घड्याळ सुरू होतं. तुळई शंभर वर्षांच्या झाडाची असली आणि छतात आणखी पन्नास वर्षं राहिली असली, तर कोळसा आगीपेक्षा दीडशे वर्षं म्हातारा निघू शकतो. दाणा त्याच हंगामातला असतो, फार तर एखाद-दोन वर्षं कोठीत राहिलेला. म्हणून शहर कधी जळालं हे विचारायचं असेल तर दाण्याला विचारायचं, तुळईला नाही. आणि माहितीपटाने काय केलं? पडद्यावर जळकं लाकूड दाखवलं आणि खाली आकडा दाण्यांचा दिला! पत्रलेखकांना दोष देण्याआधी हा दोष लिहून ठेवायला हवा.

दाणे मोजायचे म्हणजे तरी काय करतात? आधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकून मातीतला चुना काढतात. मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, म्हणजे मातीतून मुरलेली कुजकी द्रव्यं निघतात. मग पुन्हा आम्लात, कारण सोडा हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो. ही तिसरी धुलाई चुकली की आजचा कार्बन आत शिरला. एवढ्या जुन्या नमुन्यात आजचा कार्बन केवळ एक टक्का मिसळला तरी वय चाळीसेक वर्षांनी कमी दिसतं. धुऊन, वाळवून, जाळून त्याचा वायू करतात आणि मग मोजणी. वायू मोजण्याच्या जुन्या पद्धतीला काही ग्रॅम कार्बन, म्हणजे मूठभर दाणे लागत. कार्बन-१४ चे अणू थेट मोजणाऱ्या प्रवेगक यंत्राला आता एका मिलिग्रॅमच्या आसपास कार्बन पुरतो, म्हणजे एक दाणासुद्धा चालतो. दगड आणि कच्च्या विटेतली माती या पद्धतीने मोजताच येत नाही. 'भिंतीची कार्बन चाचणी' हा पहिल्या पत्रातला शब्दप्रयोग त्यामुळे वाक्यातच ढासळतो, कर्ण्यांची गरज नाही.

± बद्दल तिसऱ्या पत्रलेखकांना एवढंच सांगायचं आहे की ± नसलेला आकडा दिसला तर संशय घ्यावा. ±७ म्हणजे खरं मूल्य त्या चौदा वर्षांच्या पट्ट्यात असण्याची शक्यता ६८ टक्के. दुप्पट केलं की ९५ टक्के. खात्री नसल्याची ही कबुली नाही. किती खात्री आहे याचं माप आहे. किराणा दुकानातला तराजू ± सांगत नाही, म्हणून तो जास्त अचूक ठरत नाही.

पहिल्या पत्रात आणखी एक पुरावा आहे: ब्रिटिश म्युझियमने यरीहोच्या एका कोळशाच्या नमुन्याचं वय इ.स.पू. १४१० च्या आसपास दिलं होतं. दिलं होतं, हे खरं. पण १९८० ते १९८४ या काळात त्या प्रयोगशाळेने दिलेल्या बऱ्याच तारखा एका पद्धतशीर चुकीमुळे प्रत्यक्षापेक्षा अलीकडच्या निघाल्या होत्या. त्यांनी स्वतःच ती चूक शोधली, जाहीर केली आणि दुरुस्त आकडे छापले. या नमुन्याचा दुरुस्त आकडा आहे ३३०० ± ११०. म्हणजे तो दाण्यांच्या शेजारीच जाऊन बसला. दुरुस्ती छापून तीस वर्षं उलटून गेली तरी रद्द झालेली तारीख पत्रांतून फिरतेच आहे. मागे घेतलेली नोट बाजारात खपवावी तसं झालं हे.

बाकी यरीहोचा इतिहास थोडक्यात असा. केनियन यांच्याआधी जॉन गार्स्टँग यांनी १९३० ते ३६ मध्ये खणून 'यहोशवाची पडलेली भिंत' जाहीर केली. ती भिंत यहोशवाच्या काळाहून सुमारे हजार वर्षं जुनी असल्याचं केनियन यांनी दाखवलं. त्यांनी शहराचा नाश इ.स.पू. १५५० च्या सुमारास ठेवला, तो प्रामुख्याने खापरांवरून, सायप्रसहून येणारी विशिष्ट भांडी त्या थरात नाहीत म्हणून. 'नाहीत' या गोष्टीवर तारीख बांधण्यावर आक्षेप घेता येतो आणि घेतलाही गेला; तो आक्षेप गंभीर आहे. पण दाण्यांनी नंतर वेगळ्या वाटेने जवळजवळ तिथेच नेऊन सोडलं. श्रद्धावान पत्रलेखकांना खरं तर हाती धरण्यासारखा मुद्दा वेगळाच होता: त्या थरात धान्याने भरलेले रांजण सापडले. लांबलेल्या वेढ्यात धान्य संपतं आणि जिंकणारा आधी धान्य लुटतो. इथे दोन्ही झालेलं दिसत नाही, आणि यहोशवाच्या पुस्तकात हंगामाचे दिवस आणि लूट न करण्याची आज्ञा दोन्ही आहेत. हा तपशील जुळतो, साल जुळत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, पण तसं लिहिलं तर पत्र छापलं जाईल की नाही ही शंका आहेच.

चौथ्या पत्रलेखकांसाठी बायबलमधल्या हिज्कीया राजाचं भुयार. यरुशलेममध्ये गीहोन झऱ्याचं पाणी आत आणण्यासाठी खडकात खोदलेलं, ५३३ मीटर लांबीचं, दोन्ही टोकांकडून खणत मध्ये जोडलेलं. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. खोदकाम कसं जोडलं गेलं हे सांगणारा हिब्रू शिलालेख आत १८८० मध्ये सापडला, पण त्यात राजाचं नाव नाही, म्हणून वाद होताच. २००३ मध्ये अमोस फ्रुमकिन आणि सहकाऱ्यांनी काय केलं पाहा. भुयाराच्या तळाला गिलावा आहे. गिलाव्यात अडकलेले वनस्पतींचे अवशेष कार्बनने मोजले. गिलावा त्यांच्याआधीचा असू शकत नाही. भुयार झाल्यावर आत वाढलेल्या चुन्याच्या लोंबत्या सुळक्याचं वय युरेनियम-थोरियम या दुसऱ्या पद्धतीने मोजलं. भुयार त्याच्यानंतरचं असू शकत नाही. दोन्ही बाजूंनी पकडल्यावर उत्तर आलं इ.स.पू. ७०० च्या सुमाराचं, हिज्कीयाच्याच काळातलं. 'एकही नाही' म्हणताना एक तरी तपासायला हवं होतं.

तांबडा समुद्र दुभंगून मोशेला वाट मिळाली, त्या भागावरची पत्रं उद्या येतीलच, म्हणून आगाऊ सांगून ठेवतो. ड्र्यूज आणि हान या संशोधकांच्या २०१० च्या संगणकी प्रारूपात सेकंदाला २८ मीटरचा, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरचा पूर्वेचा वारा बारा तास वाहतो, आणि सुमारे दोन मीटर खोल पाणी मागे हटून चार तास वाट मोकळी होते. हे सगळं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या उथळ सरोवरात, भर समुद्रात नाही. असं घडू शकतं एवढंच ते सांगतं. घडलं असं सांगत नाही. अकाबाच्या आखाताच्या तळाशी रथाची चाकं दाखवणाऱ्यांनी त्या वाटेवर पाणी पाऊण किलोमीटर खोल आहे हे आधी लक्षात घ्यावं. आणि 'नुसता वाराच होता, चमत्कार कुठे' म्हणणाऱ्यांनी बायबलमधलं निर्गम १४:२१ उघडून पाहावं. वारा तिथेच आहे, रात्रभर वाहणारा, पूर्वेचा.

जाता जाता माहितीपटाच्या मराठी उपशीर्षकांबद्दल. 'बिफोर प्रेझेंट' चं भाषांतर सरळ 'वर्षांपूर्वी' केलं आहे आणि 'कॅलिब्रेटेड' हा शब्द गाळला आहे. वरची निम्मी पत्रं या दोन शब्दांनी लिहिली आहेत. मराठी बायबलात पिढ्यान्‌पिढ्या यरीहो आणि तांबडा समुद्र आहे, उपशीर्षकांत जेरिको आणि लाल समुद्र. परिणामी कालच्या दुसऱ्या पत्रात जेरिको आणि यरीहो ही दोन शहरं धरून त्यांची तुलना केली आहे आणि त्यात यरीहो जुनं ठरलं आहे. ते पत्र आपण चौकटीत छापलंत, 'बायबल खरं की खोटं?' या मथळ्याखाली. निदान पुढच्या अंकात ती दोन शहरं एक करावीत.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती)