बाई, आजीचं गाव तुम्ही शोधून दिलंत

आदरणीय बाईंना,
शि. सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे, चहा गार होतोय" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नाव घालत नाही, तुम्हाला ते खपणार नाही. तुमच्या स्पॅनिशच्या वर्गात जे कधी बसलेत ते दोन परिच्छेदांत ओळखतील, बाकीच्यांना नाव कळून तरी काय करायचंय?

नवऱ्याचा स्पॅनिश पासपोर्ट अखेर हातात आला. जन्मस्थळ आवेझानेदा, अर्जेंटिना. नागरिकत्व स्पेनचं. पासपोर्ट घेतला मुंबईच्या कॉन्सुलेटमधून आणि त्यासाठी लागणारी सगळी अक्कल मिळाली कोथरूडच्या तुमच्या बाल्कनीत. आमच्या घरात यावरून अजून हशा होतो. नवऱ्याची मातृभाषा स्पॅनिश, आणि त्याच्या आजीच्या जन्माचा दाखला त्याला वाचून दाखवला रत्नागिरीत जन्मलेल्या बाईंनी! त्याला बिचाऱ्याला ते वळणदार हस्ताक्षर पहिल्या ओळीच्या पुढे लागेना. तुम्ही मात्र चश्मा कपाळावर चढवून, कागद डोळ्यांजवळ धरून, पेपर वाचावा तसं वाचत गेलात. स्पेनमध्ये सान्तियागोला असताना जुनी दप्तरं चाळलीत, त्याचा असा उपयोग होईल हे तुम्हाला तरी कुठे माहीत होतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. स्पेनने ऑक्टोबर 2022 मध्ये, यादवी युद्ध आणि फ्रँकोची हुकूमशाही यांत पोळलेल्यांसाठी, लोकशाही स्मृतीचा कायदा केला, 2022 चा 20 क्रमांकाचा. त्याच्या आठव्या पुरवणी तरतुदीने स्पेनबाहेर जन्मलेल्या मुलानातवंडांना नागरिकत्व मागायची वाट करून दिली. आईवडील किंवा आजीआजोबा मूळचे स्पॅनिश असावेत, आणि राजकारण, विचार, श्रद्धा किंवा लैंगिक ओळख यांपायी देश सोडावा लागून त्यांचं नागरिकत्व गेलेलं असावं. परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून ज्या बायकांचं नागरिकत्व गेलं, त्यांच्या मुलांनाही हक्क मिळाला. मुदत दोन वर्षांची होती, ती आणखी एक वर्ष वाढली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये संपली. अर्जेंटिनात या कायद्याला सगळे 'नातवंडांचा कायदा' म्हणतात.

आमच्याकडे होतं काय? नवऱ्याच्या आईची आई स्पेनमधल्या गॅलिसियाची, एवढं माहीत. 1949 मध्ये विगो बंदरातून निघाली, ब्युनॉस आयर्सला उतरली, 1952 मध्ये तिथल्याच एका इटालियन घरातल्या मुलाशी लग्न केलं. 2003 मध्ये वारली. अर्जेंटिनातल्या प्रत्येक कागदावर जन्मस्थळ म्हणून एकच शब्द, ओरेन्से. तो तर अख्खा प्रांत. त्यात 92 नगरपालिका, आणि त्या प्रत्येकीच्या पोटात कितीतरी पॅरिश, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्त्या. गॅलिसियाचा माणूस आपलं गाव पॅरिशवरून सांगतो आणि तिथे अशा पॅरिश साडेतीन हजारांवर आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा नवऱ्याने लॅपटॉप मिटला होता. शिवाय आजी फेर्नांदेस. "ओरेन्सेत फेर्नांदेस शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत कुलकर्णी शोधणं," असं तुम्ही म्हणालात आणि वर त्याला ते समजावूनही दिलंत.

त्याआधी आम्ही एका एजंटाकडे गेलो होतो. त्याने आकडा सांगितला, आगाऊ रक्कम सांगितली, आजीबद्दल एक प्रश्न विचारला नाही. तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "स्पेनमध्ये जन्माचा दाखला फुकट मिळतो. पैसे कसले मागतोय तो?" आणि वहीचं कोरं पान काढलंत.

मग सासूबाईंना फोन लावायला लावलात. आपली संध्याकाळ, त्यांची सकाळ. मला वाटलं तुम्ही तारखा आणि कागद विचाराल. तुम्ही विचारलंत, नाताळ आणि वाढदिवस सोडून तुमची आई वर्षातून कोणत्या दिवशी काही वेगळं करायची? सासूबाई जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, एक मार्चला. त्या दिवशी आई सकाळी मेणबत्ती लावायची आणि फिजोआ करायची. (फिजोआ म्हणजे दूध-अंड्यांची पातळ धिरडी, आता आमच्याकडेही होतात.) घरात सगळे समजत, लहानपणी गेलेल्या कुण्या भावंडाचा दिवस असेल. विचारलं की आजी उत्तर द्यायची नाही.

फोन ठेवल्यावर तुम्ही म्हणालात, "भावंड नाही गं. ग्रामदैवत आहे ते."

एक मार्च हा सान रोसेन्दोचा दिवस. दहाव्या शतकातला हा बिशप, त्याने 936 मध्ये ओरेन्से प्रांतात सेलानोवाचा मठ स्थापन केला, आणि सेलानोवात त्याचा उत्सव त्या दिवशी होतो. आमच्यापैकी कुणाला हे सात जन्मांत सुचलं नसतं. नवरा तर धर्माच्या बाबतीत आनंदीआनंद. आपली जत्रा, आपला पालखीचा दिवस डोक्यात असलेल्या माणसालाच तो प्रश्न सुचतो, असं मला वाटतं. तुम्ही म्हणाल की हा अभ्यासाचा भाग आहे. असेल.

सेलानोवाच्या नोंदणी कार्यालयाकडून पहिलं उत्तर आलं की या नावाची नोंद नाही. आम्ही पुन्हा खचलो, तुम्ही अजिबात नाही. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं, एक वडिलांचं आणि एक आईचं, आणि लग्नानंतर बाईचं नाव बदलत नाही. अर्जेंटिनात आजीचं दुसरं आडनाव गळालं आणि पुढे नवऱ्याचं आडनाव मागे लागलं. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव एकच बाई आहे हे सिद्ध करत फिरणं महाराष्ट्रातल्या बायकांना नवीन नाही, तुमचं स्वतःचं बँकेतलं प्रकरण तुम्ही त्या दिवशी ऐकवलंतच. मग 1952 च्या लग्नाच्या नोंदीत वधूच्या आईचं नाव असणार, ते काढा, असं सांगितलंत. सासूबाई जाऊन नक्कल घेऊन आल्या. पणजीचं आडनाव मिळालं. ते घालून, वर्ष एक मागे-एक पुढे धरून शोधा अशी विनंती करणारं पत्र तुम्ही लिहून दिलंत. इतकं अदबशीर स्पॅनिश नवऱ्याने जन्मात लिहिलं नव्हतं. त्याने नुसती सही केली.

आणि दाखला आला. नुसता उतारा नव्हे, मूळ पानाची अक्षरशः नक्कल, कॉन्सुलेटला तीच लागते. 1926 सालचं पान. जन्म पहाटे चार वाजता. वडील शेतकरी. दोन्हीकडच्या आजीआजोबांची नावं, ते कुठले, हयात की मयत. आईच्या धंद्याच्या जागी, ती 'आपल्या स्त्रीजातीला साजेशी कामं' करते असं लिहिलेलं. त्या काळी सरसकट असंच लिहीत, असं तुम्ही सांगितलंत, आणि मग स्वतःशीच म्हणालात, "पहाटे चारला बाळंत झालेली बाई दुपारी गोठ्यात असेल." समास कोरा होता. लग्न, नागरिकत्व गेल्याची नोंद वगैरे त्या समासात करतात. आजीचं लग्न स्पेनला कुणी कळवलंच नव्हतं, त्यामुळे तिथे ती कायमची अविवाहित मुलगीच राहिली.

ज्या दिवशी तुम्ही लग्नाचा कायदा समजावलात, तो दिवस सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. स्पेनच्या 1889 च्या नागरी संहितेप्रमाणे लग्न झालेली बाई नवऱ्याच्या नागरिकत्वामागे जायची. 1954 च्या ऑगस्टपासून थोडा फरक पडला, लग्नामुळे नवऱ्याच्या देशाचं नागरिकत्व मिळत असेल तरच स्पेनचं जायचं. आजीचं लग्न त्याच्या दोन वर्षं आधीचं. म्हणजे सही केली त्या दिवशी स्पेन सुटला. अर्जेंटिनाचा कायदा मात्र लग्न केलं म्हणून कुणाला नागरिक करत नाही, आणि तिने ते वेगळं कधी घेतलंही नाही. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय निवडणूक न्यायालयाकडून तसा दाखला मिळतो, तोही तुम्हीच मागवायला लावलात. सासूबाई फोनवर थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे आई पन्नास वर्षं कुणाचीच नव्हती?" तुम्ही त्यांना खोटा धीर दिला नाहीत. 'कागदोपत्री तसंच दिसतंय' म्हणालात आणि मग बराच वेळ त्यांच्या आईच्या स्वयंपाकाबद्दल विचारत राहिलात.

आजी राजकीय निर्वासित होती का, या प्रश्नावर आमचं गाडं अडलं होतं. घरात कुणी तसं कधी बोललं नव्हतं. युद्धानंतरची उपासमार, जमीन अपुरी, म्हणून निघाली, एवढंच. तुम्ही ऑक्टोबर 2022 च्या अंमलबजावणीच्या सूचना काढून बोट ठेवलंत: 18 जुलै 1936 ते 31 डिसेंबर 1955 या काळात जो स्पेन सोडून गेला, त्याला निर्वासित मानायचं, छळाचा पुरावा मागायचा नाही. फक्त बाहेर पडल्याचा पुरावा हवा. तो ब्युनॉस आयर्सच्या सेमला या स्थलांतर अभ्यास केंद्राच्या प्रवासी याद्यांत निघाला: वय, अविवाहित, विगो, उतरल्याची तारीख.

एक गोष्ट तुम्ही अर्ज दाखल होईपर्यंत सांगितली नाहीत. सेलानोवाच्या त्याच मठात 1936 पासून 1943 पर्यंत फ्रँकोच्या राजवटीचा तुरुंग होता. आजी तेव्हा दहा ते सतरा वर्षांची. तिच्या घरातलं कुणी आत होतं की नव्हतं, हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही. आधी सांगितलं असतं तर नवऱ्याने अर्जात काहीतरी रंगवून लिहिलं असतं अशी तुम्हाला भीती होती. बरोबर होती! तो कथा रचण्यात पटाईत आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, खरं तर रागही आला होता तेव्हा. मला वाटत होतं, आता आपणा तिघांचंही होऊन जाईल. तुम्ही सरळ सांगितलंत की तुझं होणार नाही, आणि घाई करू नकोस. स्पॅनिश माणसाच्या बायकोला आधी स्पेनमध्ये एक वर्ष कायदेशीर राहावं लागतं, तेव्हा अर्ज. नवऱ्याला अर्जेंटिनाचं नागरिकत्व सोडावं लागलं नाही, भारत मात्र दुहेरी नागरिकत्व मानत नाही. 1955 च्या आपल्या कायद्याचं नववं कलम तुम्ही मला वाचायला लावलंत: दुसरं नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं गेलं. लेकीचंही तेच. ती अकराची आहे, आणि स्पेनच्या कायद्यात तिला विसाव्या वर्षापर्यंत हा पर्याय निवडता येतो. "तिचा देश तिला ठरवू दे, तुम्ही दोघं का घाई करता?" आम्ही तिचा अर्ज केला नाही. नातेवाइकांपैकी अर्ध्यांनी आम्हाला वेड्यात काढलं. काढोत.

नागरिकत्वाच्या शपथेचा किस्सा तुम्हाला अर्धाच माहीत आहे. राजाशी निष्ठा आणि संविधान व कायद्यांचं पालन, हे 'शपथ घेतो' किंवा 'वचन देतो' यांपैकी कोणत्याही शब्दाने म्हणता येतं, हे तुम्ही नवऱ्याला आदल्या दिवशी पढवलं होतंत. तो राजाबिजा न मानणारा. वचनावर तडजोड झाली. बाहेर आल्यावर म्हणतो, "बाईंनी सांगितलं नसतं तर मी तिथे वाद घातला असता." घातला असताच.

सासूबाईंचं कामही झालं. त्यांनी तुमच्यासाठी एक पाकीट पाठवलंय, आत काय आहे ते मला सांगायची मनाई आहे. पैसे नाहीत, एवढं सांगते, नाहीतर तुम्ही दारच उघडणार नाही. येत्या मार्चमध्ये आम्ही तिघं आणि त्या, सेलानोवाला जायचं ठरवतोय. तुमचं तिकीट काढू का, ते या रविवारी जेवायला याल तेव्हा सांगा. गुडघ्याचं कारण चालणार नाही, गाव सपाट आहे म्हणे, आणि नसलं तर नवरा धट्टाकट्टा आहे.

सोसायटीतल्या दोघांनी तुमचा नंबर मागितला. दिला नाही. कायद्याची मुदत संपली, हेही सांगून टाकलं.

तुमची,
पहिल्या बाकावरची, क्रियापदं अजूनही चुकवणारी विद्यार्थिनी