नव्या सरपंच ताईंना, जाहीर आभार

आदरणीय सरपंच ताई,
सप्रेम नमस्कार.

निवडणुकीत तुमच्याबद्दल जे काही बोललं गेलं ते सगळं चव्हाट्यावर बोललं गेलं. म्हणून आभारही चव्हाट्यावरच मानते आहे.

परवा घराचा नमुना 8 चा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीचा कागद, हातात आला. त्यावर माझं नाव आहे. त्या दिवशी घरात जो कोणी आला त्याला मी तो काढून दाखवला, दूधवाल्यालासुद्धा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 2021 च्या मे महिन्यात कोरोनात मालक गेले. दवाखान्यातूनच परस्पर नेलं, तोंडही नीट बघायला मिळालं नाही. जुलैत पंचगंगेचं पाणी पुन्हा गावात शिरलं आणि घराची मागची भिंत बसली. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा कळलं की घर अजून सासऱ्यांच्या नावावर. सासरे वारून किती वर्षं झाली, मालकांची नोंद लागलीच नव्हती, मग माझी कुठून लागणार? राहते मी, घरफाळा भरते मी, चिखल उपसला मी, आणि कागदावर मी कुठेच नाही. मदतीचे पैसे आले तेही दुसऱ्याच्याच खात्यावर.

तेव्हाही सरपंचपद बाईकडेच होतं. पण बाई घरात आणि खुर्चीवर त्यांचे मालक. रजिस्टर घरी जायचं, चुलीपुढे सही होऊन परत यायचं. मी गेले की ठरलेलं उत्तर, ‘दिराला पाठवून द्या, आम्ही बोलून घेतो.’ ज्याच्याशी माझा वाद, त्यालाच पाठवून द्या! त्या बाईंना मी दोष देत नाही, त्यांचं त्यांच्या घरात काय चालत होतं ते मला दिसत होतं. पण हा कारभार ज्यांनी चालवला आणि ज्यांनी तो शेजारच्या खुर्चीवर बसून चहा पीत पाहिला, त्यांना मात्र देते. त्यातले निम्मे माझ्या मालकांच्या पंगतीला जेवलेले होते.

1993 साली 73 वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या. 2011 पासून महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. कायद्याने खुर्ची दिली, पण तिच्यावर स्वतः जाऊन बसायचं काम कायदा करत नाही. ते तुम्ही केलंत. पहिल्याच दिवशी तुमचे मालक तुम्हाला मोटारसायकलवरून सोडून दारातूनच मागे फिरले. त्यांचेही आभार मानायला हवेत.

कोणी आक्षेप घेतला, कोणते दाखले लागले, ते इथे उगाळत नाही. मला सांगायचंय ते त्या मासिक सभेतलं. माझा विषय निघाला, तुम्ही पेनाचं टोपण काढलं आणि मला विचारलंत, ‘वहिनी, नाव कसं लावायचं तुमचं?’

मी गप्प. सवयीने दिरांकडे बघितलं. ते सांगायला लागले, पण तुम्ही त्यांच्याकडे मानसुद्धा वळवली नाही, नुसता डावा हात वर केलात. उजव्या हातातलं पेन वहीवर टेकलेलं आणि नजर माझ्याकडे. ग्रामसेवक चुळबुळ करत होते, बाहेर कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं, पुढचे विषय पडले होते. तुम्ही थांबलात. मग मी सांगितलं. आधी माझं, मग मालकांचं, मग आडनाव. तुम्ही लिहिलंत, वही माझ्याकडे फिरवलीत आणि म्हणालात, ‘वेलांटी बरोबर आहे का बघा.’

ताई, उतारा आज ना उद्या कुणी दिलाही असता. पण लग्न होऊन या गावात आल्यापासून माझ्याबद्दलची गोष्ट मलाच विचारणारं माणूस मला तुमच्या रूपाने भेटलं. त्या रात्री मी पोटभर रडले. मालक गेले तेव्हाही इतकं रडू आलं नव्हतं.

तुम्ही चिकोडीकडून सून म्हणून आलात तेव्हा तुमच्या कानडी हेलाला आम्ही बायका हसायचो. बारावी शिकलेली म्हणून बचत गटाचा हिशोब तुमच्याकडे आला. वॉर्डातून पहिल्यांदा उभ्या राहिलात तेव्हा थोडक्यात पडलात आणि तरी त्या आठवड्यात गटाच्या हप्त्याला वही घेऊन हजर होतात. पुढच्या वेळी सदस्य झालात. 2019 च्या महापुरात अख्खा गाव हायस्कूलच्या खोल्यांत होता. तेव्हा कुठल्या खोलीत बाळंतीण आहे, कुणाची साखरेची गोळी चुकली आहे, हे तुमच्या वहीत होतं. मोठे पुढारी होडीत फोटो काढून गेले. लोकांनी ते लक्षात ठेवलं. थेट सरपंच निवडायची पद्धत 2020 मध्ये बंद केली होती, ती 2022 ला परत आली म्हणून बरं झालं. सदस्यांच्या फोडाफोडीत तुमचा निभाव लागला नसता, गावाने मात्र तुम्हाला उचलून धरलं.

आपल्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. माझ्या बांगड्या फुटून तेव्हा वर्ष झालं होतं. आपल्या जुन्या कारभाऱ्यांनी ते परिपत्रक फायलीला लावलं आणि विसरून गेले.

येत्या महिला सभेत तुम्ही तो विषय घेणार आहात असं कळलं. लोक नावं ठेवतील, माझ्या घरातलेही ठेवतील. तरी ठरावाला सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदनाला शेजारच्या काकी तयार आहेत, त्यांच्याशी बोलून झालं आहे. सभेची वेळ दुपारी तीननंतरची ठेवलीत तर भांगलणीला जाणाऱ्या बायकाही येतील.

आपली,
खालच्या गल्लीतली वहिनी