स्मार्ट टीव्हीवर खेळ दिसत नाहीत, आणि आपण स्टिक घ्या म्हणता

पुणे,
दिनांक: ८ डिसेंबर २०२५

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
टीव्ही विभाग

विषय: ४३ इंची स्मार्ट टीव्हीचे सॉफ्टवेअर अपडेट बंद केल्याबद्दल आणि विक्रीच्या वेळी दिशाभूल केल्याबद्दल तक्रार

महोदय,

२०२३ च्या नवरात्रात मी कोथरूडमधील एका दुकानातून आपल्या कंपनीचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही घेतला. वर्ल्ड कप सुरू होता, १९ ऑक्टोबरला भारत-बांगलादेश सामना इथे गहुंजेलाच होता, आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्यासमोर दोन पर्याय होते: चांगल्या पडद्याचा साधा टीव्ही घेऊन त्याला वेगळी स्ट्रीमिंग स्टिक (टीव्हीला जोडून इंटरनेटवरची ॲप्स चालवणारे छोटे यंत्र) लावायची, किंवा आपला स्मार्ट टीव्ही घ्यायचा. आमच्या घरी टीव्ही लागतो तो खेळ पाहायलाच. वडील कबड्डीचे, मुलगा फॉर्म्युला वनचा आणि मी क्रिकेटची. हे सगळे मी आपल्या प्रतिनिधीला सांगितले. दुकानदाराच्या माणसाला नव्हे, आपल्या कंपनीचा शर्ट घालून उभ्या असलेल्या माणसाला. तो म्हणाला, "मॅडम, स्टिकवर पैसे कशाला घालवता? सगळं आतच आहे. सेट टॉप बॉक्ससुद्धा बंद करून टाका." त्याच्या शब्दावर मी महाग संच घेतला, त्या वेळचा २८ टक्के जीएसटी भरला आणि बॉक्सचे कनेक्शनही बंद केले.

सुरुवातीला तक्रारीला जागा नव्हती. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सना हरवून पुणेरी पलटण पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली, तो सामना वडिलांनी याच टीव्हीवर पाहिला.

पुढे चित्र बदलले. खेळांचे हक्क एका ॲपवरून दुसऱ्यावर जातात, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत असणार. आयपीएल २०२२ पर्यंत हॉटस्टारवर होती, २०२३ मध्ये जिओसिनेमावर आली, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ही दोन्ही ॲप्स एक होऊन जिओहॉटस्टार झाले. फॉर्म्युला वन २०२४ पासून फॅनकोड या ॲपवर आहे. म्हणजे खेळासाठी टीव्ही विकायचा तर त्यात नवे ॲप बसले पाहिजे आणि जुन्याची नवी आवृत्ती चालली पाहिजे. आमच्या संचाच्या ॲप स्टोअरमध्ये फॅनकोड सापडतच नाही. मुलगा शर्यती मोबाइलवर पाहतो. क्रिकेटचे ॲप उघडते, पण थोड्या वेळाने अडकते आणि टीव्ही आपोआप होम स्क्रीनवर परत येतो. २ नोव्हेंबरला महिला वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्यात हेच झाले. पावसामुळे सामना उशिरा सुरू झाला होता, मध्यरात्र होत आली तरी घरात कोणी झोपले नव्हते. हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला आणि भारताने ५२ धावांनी पहिल्यांदा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा आमच्या पडद्यावर फक्त गोल फिरत होता. माझ्या ऐंशीच्या घरातल्या वडिलांना तो क्षण आता थेट पाहायला मिळणार नाही. त्याची भरपाई मी मागत नाही, पण ते आपल्यापर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

घरी आलेल्या आपल्या तंत्रज्ञाने इंटरनेटचा वेग तपासून तो पुरेसा असल्याचे जॉब शीटवर लिहिले आहे. टीव्हीची रॅम (ॲप्स चालवायला लागणारी मेमरी) १ जीबीच असून या मॉडेलला कंपनी यापुढे अपडेट देणार नाही, हेही त्यानेच लिहिले. मग तोंडी म्हणाला, "स्टिक लावून टाका. नाहीतर जीएसटी १८ टक्के झालाय, नवीनच घ्या." तो मुलगा सभ्य होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण २०२३ मध्ये जी स्टिक घेऊ नका म्हणून सांगितले, तीच आज घ्या म्हणून सांगणे ही फसवणूक आहे.

दुसरा मुद्दा पडद्यावरच्या हालचालीचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'मोशन १२०' छापले आहे. माहितीपत्रकात मागच्या पानावर, बारीक अक्षरात, पॅनेल (म्हणजे पडदा) ६० हर्ट्झचे, सेकंदाला ६० वेळा चित्र दाखवणारे, असल्याचे दिले आहे. खेळ पाहणारा माणूस तो मोठा आकडा पाहूनच टीव्ही निवडतो. आपल्याकडे क्रिकेटचे प्रक्षेपण सेकंदाला ५० चित्रांचे असते. आपल्या टीव्हीतले ॲप ते ६० वर बसवते, म्हणजे दर पाच चित्रांमागे एक दोनदा दाखवते. सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूमागे कॅमेरा वळला की चित्र अडखळते. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला की नाही, हे पाहताना वडील डोळे बारीक करून बसतात.

याला पॅनेल जबाबदार नाही, आणि हे मी खात्री करून लिहीत आहे. शेजाऱ्यांची स्टिक आमच्या एचडीएमआय पोर्टला लावली, तिच्या सेटिंगमध्ये मूळ फ्रेम रेटप्रमाणे (प्रक्षेपणात सेकंदाला जितकी चित्रे असतात तितकीच) चित्र दाखवण्याचा पर्याय चालू केला, आणि त्याच पडद्यावर, त्याच इंटरनेटवर सामना सरळ दिसला. चित्र अडखळले नाही, ॲपही बंद पडले नाही. पडदा अजून कित्येक वर्षे टिकेल. निकामी झाला आहे तो आत बसवलेला संगणक, ज्याला आपण 'स्मार्ट' म्हणून वेगळी किंमत लावली. स्टिक जुनी झाली तर तेवढीच बदलता येते. हा आतला भाग बदलायचा तर आपण चालू टीव्ही भंगारात काढायला सांगता. अपडेट किती वर्षे मिळणार हे दुकानात एका वाक्यात सांगितले असते, तर मी साधा टीव्ही आणि स्टिकच घेतली असती.

म्हणून माझी मागणी अशी: या संचाचे सॉफ्टवेअर दुरुस्त करून द्यावे, किंवा ॲप्स नीट चालतील असा मदरबोर्ड (आतल्या संगणकाचा मुख्य भाग) विनाशुल्क बसवावा. दोन्ही शक्य नसेल तर मूळ फ्रेम रेट पाळणारी चांगली स्टिक कंपनीच्या खर्चाने द्यावी. शिवाय आज विक्रीला असलेल्या प्रत्येक मॉडेलच्या खोक्यावर अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळतील ते आणि पॅनेलचे खरे हर्ट्झ, 'मोशन'च्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत छापावे. ही शेवटची मागणी माझ्या फायद्याची नाही, पण ती मी सोडणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. कॉल सेंटरचा 'तक्रार बंद केली आहे' असा संदेश मी उत्तर मानणार नाही. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून मी पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला त्यासाठी शुल्क नाही.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व संचाचा अनुक्रमांक पावतीवर आहे)

सोबत: खरेदीची पावती, तंत्रज्ञाची जॉब शीट, खोक्याचे व माहितीपत्रकाचे फोटो, टीव्हीतले ॲप आणि स्टिक यांवर त्याच सामन्याचे केलेले चित्रीकरण