घरी पाळलेल्या ब्रॉयलरला खाद्य मोजून द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आठवडी बाजारांत आणि यात्रांच्या दिवसांत कोंबडीची पिल्ले टोपलीत घालून विकायला येतात आणि मुलांच्या हट्टापायी ती पेठांतल्या अंगणांतच नव्हे, तर फ्लॅटच्या बाल्कनीतही जाऊन पोहोचतात. त्यांतली काही अंड्यांच्या जातीची नर पिल्ले असतात, तर काही मांसासाठी पैदा केलेल्या ब्रॉयलरची. चार-पाच दिवसांच्या वयात, त्यातही वरून रंग चढवलेला असेल तर, हा फरक घेणाऱ्याला कळत नाही. पुढे दोन-तीन महिन्यांत त्यातले ब्रॉयलरचे पिल्लू मोठे होऊन अचानक दगावले, की घरातले लोक 'रोग आला असेल' म्हणून गप्प बसतात. पुष्कळदा तो साथीचा रोग नसतो. मायेने दिवसभर भरून ठेवलेल्या खाद्याच्या भांड्याचा तो परिणाम असतो, आणि तेवढ्याचसाठी हे पत्र लिहीत आहे.

ब्रॉयलरचे पिल्लू अंड्यातून बाहेर पडताना साधारण ४० ग्रॅम भरते आणि सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जाते. गावरान कोंबडीला दीड किलो व्हायला पाच-सहा महिने लागतात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात १९५७, १९७८ आणि २००५ या सालांच्या वाणांचे पक्षी एकच खाद्य देऊन वाढवले गेले, तेव्हा ५६ दिवसांनी १९५७ च्या वाणाचा पक्षी सुमारे ९०० ग्रॅम, तर २००५ च्या वाणाचा ४ किलो २०० ग्रॅम भरला. आपल्याकडे या वाढीचे श्रेय इंजेक्शनांना देण्याची पद्धत आहे. खरे कारण पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड हे आहे. छातीवर मांस इतक्या वेगाने चढते की पायांची हाडे, हृदय आणि फुप्फुसे त्याला पुरी पडत नाहीत. हृदयावर ताण येऊन पोटात पाणी साठते, तुरा निळसर पडतो, आणि कधी कधी धडधाकट दिसणारा पक्षी पंख फडफडवून उताणा पडतो तो उठतच नाही.

आमच्या मंगळवार पेठेत शेजारच्या अंगणात असा एक पांढरा कोंबडा आहे. तो भांड्याजवळ बसूनच खातो. सतत बसून छातीवरची पिसे झडली आहेत, आतली कातडी लाल दिसते आणि तळपायांना काळी खपली धरली आहे. मुले त्याला प्रेमाने भात आणि मका घालतात. त्यांना कोणी काही सांगितलेलेच नाही.

या धंद्यातल्या लोकांना मात्र हे पक्के ठाऊक आहे. ज्या ब्रीडर पक्ष्यांपासून ही पिल्ले मिळतात, त्यांना वर्षभराहून अधिक काळ जगवायचे असल्यामुळे त्यांचे खाद्य तोलून, त्यांच्या भुकेपेक्षा कितीतरी कमी दिले जाते. घरी पाळणाऱ्यानेही पहिल्या एक-दोन आठवड्यांनंतर तेच करावे. ब्रॉयलरचे स्टार्टर किंवा फिनिशर, म्हणजे वजन झपाट्याने वाढवण्यासाठीचे खाद्य चालू ठेवू नये. कमी प्रथिनांचे खाद्य ठरावीक वेळी मोजून द्यावे आणि ते भांड्यात न घालता अंगणात विखरून टाकावे, म्हणजे पक्षी चालतो. या पक्ष्याची भूक मुळातच अनावर आहे, त्यामुळे तो मागत राहील आणि त्याच्याकडे पाहवणार नाही. अशा वेळी मेथी-पालकाची पाने, कोथिंबिरीच्या काड्या द्याव्यात. रात्री दिवा लावून ठेवू नये. बसायला उंच दांडी नको, कारण खाली उडी मारताना पाय दुखावतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाली अंथरलेले भाताचे तूस लगेच ओले होते, ते बदलत राहावे. एप्रिल-मेमध्ये सावली आणि गार पाणी हवेच. पक्षी हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. एवढे केले तर यातले काही पक्षी वर्ष-दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक जगतात.

कोंबडी खाण्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. आमच्याही घरी रस्सा होतो. पण जो पक्षी नाव ठेवून घरात घेतला, त्याचा जीव आपल्या अज्ञानाने जाऊ नये. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा कोंबडीलाही लागू आहे, तेव्हा महापालिकेने बाजारात रंगवलेल्या पिल्लांची विक्री थांबवावी आणि विक्रेत्यांना पिल्लाची जात सांगूनच ते विकण्यास भाग पाडावे. पशुसंवर्धन विभागाने ब्रॉयलरला किती व कोणते खाद्य द्यावे याचे मराठी पत्रक जिल्ह्यातील प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात लावावे, आणि कोणी एकच कोंबडी घेऊन आला तरी तिला तपासले जावे, ही विनंती.

कळावे,
आपली एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर