अर्धा तुकडा सलाईनमध्ये पण टाका की

माननीय संपादक,
स.न.वि.वि. मी बरीच वर्षं मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता रिटायर झालोय, पत्र जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मावसभावाचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस चालू, म्हणजे प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलेली. वर्षभराने घोट्यापाशी सुपारीएवढी गाठ आली, दुखत नाही की खुपत नाही. काढली आणि बायोप्सीला पाठवली. रिपोर्टमध्ये काय, तर बुरशीचे धागे दिसतायत, कल्चर (म्हणजे बुरशी ट्यूबमध्ये वाढवून बघणं) करून घ्यावे. आता कल्चर कशाचं करणार, अख्खी गाठ फॉर्मालिनमध्ये (तुकडा सडू नये म्हणून वापरतात ते रसायन) बुडवलेली! त्यात बुरशी मरते हो, भाजलेला शेंगदाणा पेरून उगवतो का?

आणि स्लाइडवर धागे दिसले म्हणजे बुरशी ओळखली असं होत नाही. दक्षिण आफ्रिकेत २००८ ते २०११ मध्ये एचआयव्हीचे १३ पेशंट असे मिळाले की सगळ्यांच्या अंगावर फोड. ते फोड एका बुरशीचे, आणि ती मायक्रोस्कोपखाली हुबेहूब हिस्टोप्लाझ्मा नावाच्या दुसऱ्या बुरशीसारखी दिसते, बऱ्याचदा तर आधी टीबीच समजतात. कल्चर उगवलं, त्याचं जीन सिक्वेन्सिंग (म्हणजे डीएनए वाचून ओळख) झालं तेव्हा कळलं की ही वेगळीच आहे. २०१३ ला ते छापून आलं आणि २०१७ ला तिला इमर्गोमायसिस आफ्रिकॅनस हे नाव मिळालं. तुकडे नुसते फॉर्मालिनमध्ये गेले असते तर ती आजही हिस्टोप्लाझ्मा म्हणूनच फायलीत पडून असती. आपल्याकडचं हट्टी गजकर्ण घ्या (ते धडधाकट माणसालाही होतं म्हणा), टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न जुमानणारी त्याची बुरशी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, तिचं बारसं २०२० मध्ये जपानमध्ये झालं, तेही तिथल्या भारतीय आणि नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून!

नावाचा हट्ट कशाला म्हणाल तर औषध त्यावर ठरतं. व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध म्युकर या बुरशीवर चालत नाही, आणि ते दिलं की रक्तात टॅक्रोलिमस वाढतं, डोस कमी केला नाही तर नव्या किडनीलाच फटका. उगाच अंदाजाने देऊन कसं चालेल.

भावाला सहा महिन्यांनी तिथेच परत गाठ आली. या वेळी मी स्वतः निर्जंतुक सलाईनची बाटली घेऊन ओटीच्या दारात उभा, सिस्टर हसत होत्या. अर्धा तुकडा त्यात टाकायला लावला. अकराव्या दिवशी ट्यूबमध्ये काळपट मखमलीसारखी बुरशी उगवली, पण बीजाणूच धरेना, त्यामुळे मायक्रोस्कोपखाली नाव कळेना, शेवटी सिक्वेन्सिंगला बाहेर पाठवली. रिपोर्टची वाट बघतोय.

तोवर डॉक्टर मंडळींना एकच विनंती, ट्रान्सप्लांट, केमो किंवा एचआयव्हीच्या पेशंटची गाठ काढाल तेव्हा दोन बाटल्या मागवा. सलाईनची बाटली काही महाग नसते.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सांगली