शीट फिल्म घेताना

महोदय,
फिल्म छायाचित्रणाकडे वळणाऱ्या तरुणांविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. चार बाय पाच इंची कॅमेरा (ज्यात रोल नव्हे, तर फिल्मची एकेक सुटी शीट घालतात) घेतलेली मुले मला विचारतात, फिल्म कोणती घ्यावी? ती बहुतेक किंमत पाहूनच ठरवतात.

फोमापॅन १०० स्वस्त आहे आणि उन्हात उत्तम चालते. पण उजेड कमी आणि वेळ लांब असला की फिल्म मंदावते. भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत उजेड मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले, तर तिला उत्पादकाच्याच तक्त्याप्रमाणे ८० सेकंद द्यावे लागतात. इल्फर्ड एफपी४ प्लस या फिल्मला मीटरच्या त्याच १० सेकंदांसाठी साधारण १८ सेकंद पुरतात. अंधारात काम करणाऱ्याने हा हिशेब आधी करावा, मग स्वस्त-महाग पाहावे. वारा असेल, झाडाची पाने हलत असतील, तर सरळ ४०० आयएसओची, म्हणजे जास्त संवेदनशील आणि कमी वेळात भागणारी, एचपी५ प्लस घ्यावी. पण एक फिल्म निवडली की तीच वर्षभर वापरा. दर खोक्याला कंपनी बदलणाऱ्याच्या हाताला डेव्हलपिंगची वेळ बसत नाही. आणि काळोखात होल्डर (शीट कॅमेऱ्यात बसवण्याची चपटी पेटी) भरताना फिल्मच्या कडेच्या खाचा चाचपा: उभ्या धरलेल्या फिल्मच्या खाचा उजवीकडे वरच्या कोपऱ्यात आल्या, की इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, आपल्याकडे.

एक विनंती पार्सले तपासणाऱ्या यंत्रणेला. परदेशातून मागवलेले माझे खोके वाटेत कोणीतरी उजेडात उघडले; पंचवीसच्या पंचवीस शीट्स काळ्या झाल्या. ‘फक्त अंधारात उघडा’ असे खोक्यावर छापलेले असते. शंका आली तर ग्राहकाला बोलवा, तो चेंजिंग बॅग (हात घालून आत अंधारात फिल्म हाताळायची पिशवी) घेऊन येईल.

– एक वाचक, पुणे