एकवीसशेच्या आधी आम्हाला तारीख द्या

प्रति,
माननीय मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य.

साहेब, सादर नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या एका गावात बँक सखी आहे. एक मशीन, एक टेबल आणि दाराबाहेर एक काळा फळा, एवढ्यावर माझं काम चालतं. बाया अंगठा लावतात, मी त्यांचे पैसे काढून देते. लाडक्या बहिणीचे महिना दीड हजार, ज्याचे एकवीसशे करू असं आश्वासन आहे, शिवाय निराधार, श्रावणबाळ, पीएम किसान, नमो शेतकरी, कधी अतिवृष्टीचं अनुदान. किती आले हे बाया नंतर विचारतात. आधी विचारतात, "पैसे कधी पडणार?" ते मला सांगता येत नाही. तालुक्याच्या शाखेत फोन केला तर त्यांनाही सांगता येत नाही. ज्यांना सांगता येईल त्यांनाच विचारावं म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

गरिबाच्या हातात पैसा दिला की तो उडवतो, असं शहरात बोलतात आणि आमच्या पारावरही बोलतात. मी रोज नोटा मोजून देते, म्हणून मला दिसतं ते सांगते. काही घरांत नवरा दाराशी उभा असतो आणि बाईच्या हातातून पैसे घेऊन जातो. हे मी लपवणार नाही. पण बहुतेक बाया मशीनसमोर उभ्या राहून बोटांवर हिशोब करतात आणि तो अख्ख्या वर्षाचा असतो. मिरगाला पेरणी, आखाडात शाळेचा खर्च आणि दवाखाना, पोळ्याच्या सुमाराला ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा निरोप, दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरून साखर कारखान्यावर, पाडव्याच्या आसपास परत. यातल्या कुठल्या महिन्यात पैसा हातात पडतो, त्यावर त्याचं काय होणार ते ठरतं.

पेरणीचंच बघा. मे महिन्यात चार पैसे हाती असले तर बाई गावातल्याच कुणाकडून तरी नीट राखलेलं सोयाबीन बियाण्यासाठी घेते. त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळते. सत्तरच्या वर उगवले की तिचा जीव भांड्यात पडतो. तेच पैसे जुलैत आले तर तोवर तिनं दुकानातून उधारीवर पिशवी आणलेली असते. उधारीचा भाव वेगळा, खतही त्याच दुकानातलं घ्यावं लागतं, आणि बाजार पडलेला असला तरी माल निघाला की आधी त्या दुकानदारालाच घालावा लागतो. बाहेरून पैसे उचलले तर शेकडा तीन रुपये महिना, कुठं पाच.

पीएम किसानचा एप्रिल ते जुलै या काळाचा हप्ता २०२२ साली ३१ मे रोजी आला. २०२३ साली २७ जुलैला. २०२४ साली १८ जूनला. २०२५ साली २ ऑगस्टला. चारही वर्षं रक्कम दोन हजारच होती. ३१ मेच्या दोन हजारांत आमच्याकडे बियाणं आलं. २ ऑगस्टच्या दोन हजारांनी उधारीचं तोंड बंद केलं, बाकी काही झालं नाही. तो हप्ता केंद्राचा आहे हे मला माहीत आहे. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेला नमो शेतकरीचा हप्ता राज्याचा आहे, आणि तोही केंद्राच्या हप्त्यामागूनच येतो. त्याला आधी यायला कुणाची हरकत आहे?

ज्यांच्याकडे एकरभर कोरडवाहू आहे किंवा तेवढंही नाही, त्यांची अडचण याहून मोठी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, हे तुम्हाला सांगायला नको. पण उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, नेमकी कशी सुरू होते ते मुंबईत फारसं कुणी बोलत नाही. लोक समजतात की दसऱ्याला मुकादम येतो, लाखाच्या आसपास रक्कम देतो आणि घेऊन जातो. सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते. जुलै-ऑगस्टमध्ये घरात आठ-दहा हजारांची नड निघते. लेकरू तापानं फणफणतं, नाहीतर म्हातारीला दवाखान्यात टाकावं लागतं. बँक देत नाही, बचत गटाचं कर्ज आधीच उचललेलं असतं. मुकादम त्याच रात्री देतो. ते दहा हजार घेतले की पुढचे सहा महिने कुठल्या टोळीत, कुठल्या कारखान्यावर जायचं हे ठरून जातं. दिवाळीपर्यंत आकडा चढत जातो, आणि हंगामात फिटला नाही तर पुढच्या साली परत जावं लागतं.

आमच्या वस्तीवरच्या एका बाईचं सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडक्या बहिणीचे पहिले तीन हजार आले, ऑक्टोबरपर्यंत मिळून साडेसात हजार झाले. तिनं एक रुपया काढला नाही. माझ्याकडे येऊन फक्त बॅलन्स बघायची आणि मशीनमधून निघालेली पावती घडी घालून डब्यात ठेवायची. त्यात गटाचे थोडे घालून तिनं गाभण उस्मानाबादी शेळी घेतली. ही आमच्याच भागातली जात. पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते, बांधावरच्या पाल्यावर जगते. त्या साली नवरा एकटाच अर्धा कोयता म्हणून गेला आणि ती दोन लेकरांना घेऊन घरी राहिली. थोरली तेव्हा चौथीत होती. दिवाळी ते पाडवा तिची शाळा सलग झाली ती त्या वर्षी पहिल्यांदा.

शेळीनं दोन करडं दिली. बोकड दसऱ्यापर्यंत वाढवायचा, विकून आणखी एक शेळी घ्यायची, पाठ, म्हणजे मादी करडू, ठेवायची, आणि पुढच्या साली नवऱ्यालाही पाठवायचं नाही, असा तिचा बेत होता. कुठल्या महिन्यात काय, ते सगळं तिनं मला सांगितलं होतं.

जून २०२५ मध्ये तिचा हप्ता थांबला. त्या महिन्यापासून राज्यातल्या सुमारे २६ लाख जणींचे पैसे छाननीसाठी रोखले गेले. अपात्रांचे रोखलेच पाहिजेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हिच्या घरात ना चारचाकी, ना नोकरी. का थांबले हे सांगणारा एक मेसेजसुद्धा तिला आला नाही. मी तिच्यासोबत तीन खेपा केल्या. एका कार्यालयानं दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यानं परत पहिल्याकडे. गाडीभाडं गेलं, तिची तीन दिवसांची मजुरी बुडाली. जुलैत धाकट्याला डेंग्यू झाला. हप्ता सुरू असता तर त्या भरवशावर गटानं तिला कर्ज दिलं असतं. तो बंद पडलेला बघून गटातल्या बाया कचरल्या, आणि मी त्यांना दोष देत नाही, त्यांचेही घामाचे पैसे आहेत. बोकड लहान होता, निम्म्या भावात गेला असता. तिनं मुकादमाकडून दहा हजार घेतले.

सप्टेंबरच्या शेवटी तिचे पैसे परत सुरू झाले. तोवर दोघांचा कोयता ठरला होता. शेळी सांभाळायला घरी कुणी नव्हतं म्हणून करडांसकट विकून ती गेली. थोरलीचं नाव पाचवीच्या पटावर राहिलं आणि ती फडावर भावाला सांभाळायला गेली. साडेचार हजार अडकले होते, साहेब. तेवढ्यासाठी त्या घराचं सगळं वर्ष मोडलं.

गरीब घरं असा विचार करतात हे दुसरीकडेही दिसून आलं आहे. २०११ मध्ये कष्टकरी बायांच्या 'सेवा' संघटनेनं मध्य प्रदेशातल्या काही खेड्यांत मोठ्या माणसाला महिना २०० आणि लहान मुलामागे १०० रुपये बिनशर्त दिले, पुढे ते ३०० आणि १५० केले. लोकांनी त्यातून बियाणं-खत घेतलं, जनावरं घेतली, आणि दुसऱ्याकडची मजुरी कमी करून स्वतःच्या रानात जास्त राबले. आफ्रिकेत केनियामध्ये अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सोबतच्या अभ्यासकांनी तपासलं की तेवढाच पैसा दोन वर्षं दरमहा देणं आणि एकदम देणं यात काय फरक पडतो. धंदा उभा करायला एकरकमी पैशाचा उपयोग जास्त झाला. आणि ज्यांना दीर्घकाळ दरमहा मिळणार अशी खात्री होती, त्यांनी त्यातून भिशा लावल्या आणि स्वतःच मोठी रक्कम जमवली. हे वाचलं तेव्हा मला आमच्याच गल्लीतल्या बाया आठवल्या. त्याही भिशीच लावतात. पण पैसे कधी येतील हे माहीत नसेल तर भिशी दुसऱ्या महिन्यातच फुटते.

म्हणून माझी पहिली मागणी तारखेची. महिन्याची १० तारीख ठरवा, नाहीतर १५, पण एकदा ठरवा आणि वर्षभराचं वेळापत्रक ग्रामपंचायतीत लावा. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात मजुरी १५ दिवसांत द्यायची आणि उशीर झाला तर भरपाई द्यायची, असं लिहिलेलं होतं. मग मदतीच्या पैशाला मुदत का नसावी?

दुसरं, बाईला विचारा की तुला लाडक्या बहिणीचे पैसे दरमहा हवेत की हंगामाच्या तोंडावर एकत्र. जून ते नोव्हेंबरचे नऊ हजार मे अखेरीला हातात पडले तर बियाणं रोखीनं येईल आणि आखाडातला दवाखाना मुकादमाशिवाय निघेल. शासनाला एक पैसाही जास्त लागणार नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये नोव्हेंबरचा हप्ता आगाऊ दिलाच होता, म्हणजे हे जमतं. सगळ्यांवर लादू नका मात्र. ज्या घरात नवरा दाराशी उभा असतो, तिथं थोडे थोडे आलेलेच बरे.

कुणाचा हप्ता थांबवायचा असेल तर महिनाभर आधी कारण मराठीत कळवा आणि तक्रार निकाली निघेपर्यंत तो चालू ठेवा. बँकांनाही कडक ताकीद द्या. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्याकडच्या एकाचं रान खरडून गेलं. त्याचं अनुदान खात्यात आलं, पण जुन्या पीककर्जापायी बँकेनं होल्ड लावला, म्हणजे पैसे काढू दिले नाहीत. रब्बीची वेळ निघून गेल्यावर होल्ड उठला.

आणि ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांचं काय? बटईनं करणारा, खंडानं करणारा माणूस पेरतो, पण शेतकऱ्यांच्या दोन्ही योजनांत तो कुठंच नाही. नांदेडच्या हद्दीपलीकडे तेलंगणानं २०१८ मध्ये हंगामाला एकरी ४,००० रुपये द्यायला सुरुवात केली, पेरणीचा खर्च निघावा म्हणून. तिथंही कूळ म्हणून कसणारे बाहेरच राहिले. त्यांचं चांगलं तेवढं घ्या, चूक घेऊ नका.

रोख रक्कम सगळीकडेच बरी असं मी म्हणत नाही. २०२३ पासून मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये मिळू लागले, मग १७० झाले. त्या १७० रुपयांत पाच किलो गहू-तांदूळ बाजारात येत नाही. तिथं धान्यच बरं होतं.

दीड हजाराचे एकवीसशे करण्याचं आश्वासन २०२४ च्या निवडणुकीत दिलं गेलं. ते जेव्हा वाढतील तेव्हा आनंदच आहे. पण तारीख नसलेल्या एकवीसशेपेक्षा तारखेचे दीड हजार आम्हाला जास्त कामाचे आहेत, आणि तारखेला खर्चही नाही.

मिरग तोंडावर आला आहे. माझ्या दारातल्या फळ्यावर मी खडूनं "पुढचा हप्ता" एवढं लिहून ठेवलं आहे. पुढची जागा मोकळी आहे. बाया येता-जाता तिकडं बघतात.

आपली नम्र,
एक बँक सखी
ता. धारूर, जि. बीड